मे महिन्यातला बर्फ

२८ मे २०२३, रविवार. मध्यरात्र जवळ आलेली असताना रीगा शहरात लाटव्हियाच्या संसदेची तातडीची बैठक भरली. विषय एकच होता, उद्याच्या सोमवारी देशाला सुट्टी द्यायची की नाही. त्याच दिवशी फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात लाटव्हियाच्या आइस हॉकी संघाने अमेरिकेला जादा वेळेत ४-३ असं हरवलं होतं आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं आपलं पहिलंवहिलं पदक मिळवलं होतं. ठराव मंजूर झाला. लोक झोपायच्या आत सोमवारची सुट्टी लागू झाली आणि दुसऱ्या दिवशी रीगाच्या स्वातंत्र्य स्मारकापाशी संघाच्या स्वागताला हजारोंची गर्दी लोटली.

पदक होतं कांस्य. सुवर्णपदक त्याच दिवशी कॅनडाने जर्मनीला हरवून नेलं, पण कॅनडात त्याचा म्हणावा तसा गाजावाजा झाला नाही. तिथल्या बहुतेकांचे डोळे क्लब संघांच्या स्टॅन्ली कपच्या सामन्यांवर लागलेले होते. लाटव्हियाची लोकसंख्या जेमतेम १९ लाख, म्हणजे आपल्या नागपूर शहराहूनही कमी. एका देशाला सुवर्णपदकाचं फारसं अप्रूप नाही आणि दुसरा देश कांस्यपदकासाठी कामकाज बंद ठेवतो. ही तफावत समजून घेतली की आइस हॉकीची जागतिक स्पर्धा कशी पाहायची ते कळतं. माझ्या मते ही स्पर्धा खरी लहान देशांच्या चाहत्यांची आहे. बलाढ्य देश तिथे येऊन खेळतात, जिंकतातही, पण ती जगतात ते लाटव्हियन, स्लोव्हाक, डॅनिश आणि स्विस.

कारण कॅलेंडरमध्ये दडलेलं आहे. ही स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात होते आणि नेमकी त्याच दिवसांत उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या सर्वांत श्रीमंत लीगची बाद फेरी रंगात आलेली असते. ज्यांचे क्लब अजून शर्यतीत आहेत ते खेळाडू देशासाठी येऊ शकत नाहीत. त्यामुळे कॅनडा आणि अमेरिका जे हाताशी असतील त्यांना घेऊन येतात. युरोपात मात्र हाच देशाचा वार्षिक मेळा. ऑलिंपिकसाठी चार वर्षं थांबावं लागतं, हा सोहळा वर्षाच्या वर्षाला येतो. अलीकडच्या काळात खंड पडला तो फक्त २०२० साली, कोविडमुळे. २०२२ पासून रशिया आणि बेलारूस यांना युक्रेनवरच्या आक्रमणामुळे प्रवेश नाही.

यातून चाहत्याला एक वेगळाच उद्योग मिळतो. प्रत्येक संघात २५ खेळाडूंची नोंदणी करता येते, पण सगळ्या जागा पहिल्याच दिवशी भरायची सक्ती नसते. प्रशिक्षक एकदोन जागा रिकाम्या ठेवतात आणि वाट पाहतात. चाहतेही वाट पाहतात, तीसुद्धा आपल्याच लाडक्या खेळाडूचा क्लब तिकडे हरण्याची. २०२४ साली प्राग आणि ओस्ट्राव्हा इथे स्पर्धा चालू असताना चेक चाहत्यांचं अर्धं लक्ष बॉस्टनकडे होतं. एनएचएलमध्ये बॉस्टन ब्रुइन्स बाद झाले आणि त्यांचा चेक खेळाडू डाव्हिड पास्टर्न्याक उपांत्यपूर्व फेरीआधी प्रागला येऊन दाखल झाला. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध दोन सत्रं गोलाविना गेली आणि तिसऱ्यात पास्टर्न्याकनेच कोंडी फोडली. शेवटी २-० असा विजय, २०१० नंतरचं पहिलं सुवर्ण आणि तेही घरच्या बर्फावर. त्या स्पर्धेच्या ६४ सामन्यांना मिळून ७,९७,७२७ प्रेक्षक आले. त्याआधीचा विक्रमही याच दोन शहरांचा होता, २०१५ सालचा.

आता खेळ पाहण्याबद्दल. हॉकी म्हटलं की आपल्यासमोर हिरवं मैदान आणि ध्यानचंद येतात. इथे साधारण ६० मीटर लांबीचं बर्फाचं रिंक असतं, भोवती फळ्यांची आणि काचेची भिंत, आणि चेंडूऐवजी पक. पक म्हणजे कडक रबराची चकती, साडेसात सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड, वजनाला १७० ग्रॅमपर्यंत. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गार रबर उसळत नाही, बर्फावरून सरळ घसरत जातं. नवख्या प्रेक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते की पक दिसतच नाही. ती शोधत बसू नये. खेळाडूंचे खांदे आणि काठ्या कुठे वळतात ते पाहावं, पक तिथेच असते. गोल झाला की गोलजाळ्यामागचा लाल दिवा पेटतो.

त्याहून पाहण्यासारखी गोष्ट बाकापाशी घडते. एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे गोलकीपर धरून सहा जण असतात आणि गोलकीपर सोडला तर सहसा कुणीही सलग मिनिटभरसुद्धा खेळत नाही. चाळीसपन्नास सेकंद जीव तोडून पळायचं आणि खेळ चालू असतानाच फळीवरून उडी मारून बाकावर यायचं. त्याच क्षणी दुसरा फळीवरून बर्फावर उतरतो. पंच खेळ थांबवत नाहीत. ही अदलाबदल एक श्वासभर चुकली की समोरचे तिघे मोकळ्या बर्फावर सुटतात. वीस वीस मिनिटांच्या तीन सत्रांत हे अखंड चालू असतं आणि पक थांबली की घड्याळही थांबतं. शेवटच्या दोनतीन मिनिटांत पिछाडीवरचा संघ आपला गोलकीपरच बाहेर काढतो आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उतरवतो. मागे गोल उघडा टाकून सगळे पुढे. असा जुगार आपल्याकडच्या लोकप्रिय खेळांत क्वचितच बघायला मिळतो.

भारतातून पाहणाऱ्याने वेळेचं गणित आधी बसवावं. मध्य युरोपात संध्याकाळचा मोठा सामना रात्री ८.२० ला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे ११.५० झालेले असतात. संपेपर्यंत अडीच वाजतात. दुपारी ४.२० चा सामना मात्र आपल्याकडे ७.५० ला, जेवणाच्या वेळेत येतो.

सामना संपल्यावर लगेच उठू नये. दोन्ही संघ आपापल्या निळ्या रेषेवर समोरासमोर उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. ऑलिंपिकमध्ये राष्ट्रगीत ऐकायला सुवर्ण जिंकावं लागतं, इथे गटातला साधा सामना जिंकला तरी पुरतं. हरलेला संघ हेल्मेट काढून ते पूर्ण ऐकतो आणि मग हस्तांदोलन होतं. सोळा संघांच्या स्पर्धेत दुबळ्या देशाचं राष्ट्रगीत दोन आठवड्यांत एखाद्या वेळीच वाजतं, आणि त्याचे चाहते खर्च करून, सुट्टी काढून आलेले असतात ते बहुतेक त्याच्यासाठीच.

या उभं राहण्याला किती अर्थ असू शकतो हे १९६९ साली दिसलं. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. पुढची जागतिक स्पर्धा प्रागला व्हायची होती, ती आता स्टॉकहोमला हलवण्यात आली. सहाच संघ होते आणि प्रत्येकाशी दोनदा खेळायचं होतं. २१ मार्चला चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला २-० असं हरवलं. यारोस्लाव्ह यिर्झिक या खेळाडूने जर्सीवरच्या राजचिन्हातला कम्युनिस्ट तारा पट्टी चिकटवून झाकला होता. सामन्यानंतर चेकोस्लोव्हाक खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही. रणगाडे तुमचे आणि गोल आमचे, अशा अर्थाच्या घोषणा घराघरांत पोचल्या. २८ मार्चला दुसरा सामनाही त्यांनीच जिंकला, ४-३ असा.

त्या रात्री प्रागमध्ये लोक घराबाहेर पडले आणि वेन्सेस्लास चौक भरून गेला. गर्दीने सोव्हिएत विमान कंपनी एरोफ्लोटचं तिथलं कार्यालय फोडलं. कार्यालयासमोर दगडांचा ढीग आधीपासून आणून ठेवलेला होता, त्यामुळे यामागे गुप्त पोलिसांचा हात असावा असा संशय आजवर घेतला जातो. मॉस्कोला हवं ते निमित्त मिळालं. एप्रिलमध्ये सुधारणावादी नेते अलेक्झांडर दुब्चेक यांना कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदावरून जावं लागलं, त्यांच्या जागी गुस्ताव्ह हुसाक आले आणि १९६८ च्या सुधारणांचं उरलंसुरलं दारही बंद झालं. स्पर्धेत सोव्हिएत संघ, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया तिघांचे गुण सारखे झाले. गोलफरकावर सोव्हिएत संघाला सुवर्ण मिळालं, चेकोस्लोव्हाकियाला कांस्य. तरीही चेक आणि स्लोव्हाक लोकांच्या आठवणीत ती स्पर्धा त्या दोन सामन्यांची म्हणूनच आहे.

पुढे १९९३ मध्ये देश दुभंगला तेव्हा अव्वल गटातली जागा चेक प्रजासत्ताकाकडे गेली आणि स्लोव्हाकियाला तळातून, तिसऱ्या गटातून सुरुवात करावी लागली. दोन वर्षांत दोन पायऱ्या चढून १९९६ साली ते अव्वल गटात आले. २००२ साली ग्योटेबोर्गला अंतिम सामन्यात समोर रशिया होता, बरोबरी ३-३ अशी होती आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना पेटर बोंड्राने गोल केला. स्लोव्हाकियाचं ते आजवरचं एकमेव जागतिक सुवर्ण. ज्यांनी सहा वर्षं आधी वरच्या दारात पाऊल ठेवलं त्यांनी हे करून दाखवावं, याचं मला आजही नवल वाटतं.

फिनलंडचं वेड वेगळ्या चवीचं आहे. १९९५ साली स्टॉकहोममध्ये अंतिम सामना यजमान स्वीडनशी होता. स्वीडिश लोकांनी स्पर्धेसाठी विजयगीत आधीच तयार ठेवलं होतं. व्हिले पेल्टोनेनने तीन गोल ठोकले, फिनलंड ४-१ ने जिंकला आणि ते स्वीडिश गाणं फिनिश लोकांनी आपलंसं केलं. फिनलंडचे प्रशिक्षक कर्ट लिंडस्ट्रॉम हे स्वतः स्वीडिश होते! विजयाच्या रात्री हेलसिंकीतल्या हाविस अमांडा या पुतळ्याच्या कारंज्यात उड्या मारायची तिथली रीत आहे. २०१९ साली ब्रातिस्लाव्हाला फिनलंडचा संघ जवळजवळ एनएचएल खेळाडूंविना आला होता. मायदेशातल्या लीगमध्ये घडलेला उंचपुरा कर्णधार मार्को अँटिला याने उपांत्य सामन्यात रशियाविरुद्ध एकमेव गोल केला, अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध दोन, आणि सुवर्ण फिनलंडला गेलं.

धक्के अजूनही बसतात. २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्या हेर्निंगला उपांत्यपूर्व सामन्यात यजमानांसमोर सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅकिनन या एनएचएल ताऱ्यांचा कॅनडा होता. शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती आणि डेन्मार्क एका गोलाने मागे. निकोलाय एलर्सने बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटात निक ओलेसनने विजयी गोल केला. पुढे डेन्मार्क उपांत्य सामना स्वित्झर्लंडकडून ७-० असा हरला, पण पहिल्यांदाच पहिल्या चारांत आला.

वर सोळा संघ आणि खाली एकाखाली एक उतरंड, अशी सगळी रचना आहे. दोन गटांत आठ आठ संघ असतात, प्रत्येक गटातले चार पुढे जातात आणि शेवटचा खालच्या श्रेणीत पडतो. भारत या उतरंडीच्या बाहेर, आशियाई स्पर्धांत खेळतो. आंतरराष्ट्रीय महासंघाचं सदस्यत्व भारताकडे १९८९ पासून आहे. २०२५ मध्ये अल ऐन इथल्या महिलांच्या आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवलं, या स्पर्धेतलं पहिलं. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या. तिथे नैसर्गिक बर्फ वर्षातून जेमतेम दोन महिने टिकतो. डेहराडूनचं कृत्रिम बर्फाचं रिंक कित्येक वर्षं बंद होतं, ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. या पदकाला आपल्याकडे मिळायला हवी होती तेवढी जागा वर्तमानपत्रांत मिळाली नाही, याचं वाईट वाटतं.

उतरंडीवरचा चढउतार ही स्पर्धेतली सर्वांत जीवघेणी गोष्ट आहे. ब्रिटनचा संघ १९९४ नंतर अव्वल श्रेणीत नव्हता. २०१८ साली बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध त्यांना फक्त एक गुण हवा होता आणि शेवटची पंधरा सेकंदं उरली असताना रॉबर्ट फार्मरने बरोबरीचा गोल केला. पुढच्या वर्षी कोशित्से शहरात ते पहिले सहाही सामने हरले. कॅनडाने त्यांना आठ गोल मारले, डेन्मार्कने नऊ. सातवा सामना फ्रान्सशी होता, हरणारा खाली जाणार होता आणि ब्रिटन ०-३ असं मागे पडलं. तिथून त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत बेन डेव्हिसच्या गोलावर ४-३ असा सामना जिंकला. फ्रान्स २००८ पासून अव्वल श्रेणीत टिकून होता, तो त्या गोलाने खाली गेला.

म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याने अंतिम सामन्यापासून सुरुवात करू नये. गटसाखळी संपण्याचा दिवस निवडावा, अलीकडच्या वर्षांत तो मंगळवार असतो. आदल्या रात्री गुणतक्ता नीट पाहून घ्यावा. साठ मिनिटांत जिंकलं तर ३ गुण, जादा वेळेत जिंकलं तर २, जादा वेळेत हरलं तरी १. मग तळाच्या दोन संघांचा सामना कधी आहे ते शोधावं, दोघांपैकी एक आपला मानावा आणि पहिल्या मिनिटापासून बसावं.