शुश्रूषा आणि पगार : वृद्धांच्या गृहपरिचर्येच्या मोबदल्याविषयी काही विचार

वृद्धांची देखभाल घरच्या माणसांनी करावी, हा आपल्या समाजाचा जुना संकेत होय. जेथे तो पाळणे शक्य होत नाही तेथे मोबदला देऊन माणूस ठेवावा लागतो. आणि मग हा मोबदला कोणी, कोणास व नेमका कशाबद्दल द्यावयाचा, असा प्रश्न उपस्थित होतो. हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे यात शंका नाही. तथापि तो काही अंशी भाषेचाही आहे. ज्या कामाला सर्वमान्य नाव नाही त्याचा दर ठरविणे कठीण जाते, आणि कायद्याच्या व्याख्येतही त्यास सहसा स्थान मिळत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल वसई तालुक्यातील आचोळे घेता येईल. नालासोपारा पूर्वेकडील हे गाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. ही महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. गावाचे नाव टिकले, वस्ती मात्र उपनगरी झाली. या परिसरातील नोकरदारांचा मोठा वर्ग पश्चिम रेल्वेने मुंबईकडे कामास जातो. नोकरीचे आठ तास आणि जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असलेल्या घरात अंथरुणास खिळलेली व्यक्ती दिवसाचे अकरा तास एकटी राहते. ‘बारा तासांची बाई’ हा शब्दप्रयोग शहरी मराठीत का रुळला, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आता या कामाशी निगडित शब्द पाहू. विनामोबदला देखभालीचे शब्द बहुतांशी संस्कृतातून आलेले आहेत. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूचे इच्छार्थक रूप. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञापालन, मग सेवा आणि शेवटी रुग्णाची परिचर्या, असा अर्थविस्तार झाला. ‘सेवा’ हा शब्दही असाच आदराचा. उलटपक्षी, ‘पगार’ हा शब्द ‘देणे, चुकते करणे’ या अर्थाच्या पोर्तुगीज क्रियापदावरून आला, आणि ‘आया’ हाही पोर्तुगीजच. ज्या वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, त्याच वसईच्या परिसरात आज आयेच्या पगाराचा प्रश्न घरोघर चर्चिला जावा, हा योगायोग लक्षणीय आहे. ‘मोलकरीण’ या शब्दात तर ‘मोल’ उघडच आहे.

अशा रीतीने एकाच कामाला भाषेने दोन कप्प्यांत विभागले आहे. एका कप्प्यात पैशाचा उल्लेख अप्रशस्त ठरतो. दुसऱ्यात पैशाखेरीज काही उरत नाही. रोजच्या बोलण्यात या दोहोंमधील अंतर ‘मावशी’ या संबोधनाने भरून काढले जाते. घरातील वृद्धेस न्हाऊ घालणारी, भरविणारी, कुशीवर वळविणारी स्त्री मावशी होते. परंतु महिनाअखेरीस तिचे खाडे मोजले जातात. नात्याचे नाव दिल्याने आपुलकी वाढते हे खरे. पण त्याच नावाखाली कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाची रजा हे विषय झाकले जातात, हेही तितकेच खरे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. त्याचा रोख कल्याणकारी लाभांवर आहे, वेतनाचे दर ठरविण्यावर नाही.

कायद्याची भाषाही तपासण्याजोगी आहे. २००७ चा केंद्रीय अधिनियम महाराष्ट्रात ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण’ या नावाने ओळखला जातो. त्यात चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय परिचर्या व उपचार यांचा समावेश आहे. उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘प्रांत’, ज्याचा प्रमुख असतो असे न्यायाधिकरण मुलांना मासिक रक्कम देण्याचा आदेश देऊ शकते. परंतु ही रक्कम १०,००० रुपयांहून अधिक असू शकत नाही. तीस दिवसांचे ७२० तास होतात. म्हणजे सारी रक्कम केवळ देखभालीवर खर्चिली, तरी ताशी चौदा रुपयेही पडत नाहीत. दुसरा हिशेब असा : आठवड्याचे तास १६८. एका माणसाने ४८ तास काम करावे असे मानले, तर अखंड देखभालीस साडेतीन माणसे लागतात. व्यवहारात ते काम बहुधा एकाच बाईवर पडते. ही मर्यादा काढून टाकणारे आणि घरपोच देखभाल पुरविणाऱ्या संस्थांचे नियमन सुचविणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. पण ते संमत न होताच २०२४ साली त्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

शासकीय साहाय्याची स्थिती याहून फारशी निराळी नाही. राज्याच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांना मिळणारी मासिक रक्कम २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये झाली. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. या योजनेच्या नावात ‘सेवा’ आणि ‘वेतन’ हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत, ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. मात्र येथे वेतन सेवा करणाऱ्यास मिळत नाही, सेवेची गरज असणाऱ्यास मिळते. केंद्राने २०२४ साली ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रुग्ण घरी परतल्यानंतरची दीर्घ देखभाल त्याच्या कक्षेबाहेर राहते.

अन्य देशांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी शोधली आहेत. जर्मनीने १९९५ पासून सक्तीचा परिचर्या-विमा सुरू केला. त्यात देखभाल करणाऱ्या नातेवाइकास देण्यासाठी रोख भत्ता घेण्याचीही सोय आहे. म्हणजे मुलीने वा सुनेने केलेली शुश्रूषाही तेथे मूल्य असलेले काम ठरते. जपानने २००० पासून असाच विमा आणला. त्याची वर्गणी चाळिसाव्या वर्षापासून भरावी लागते, पण लाभ मुख्यत्वे सेवेच्या रूपाने मिळतो, रोखीने नव्हे. मार्ग भिन्न असले तरी दोन्ही देशांनी देखभाल हे स्वतंत्र काम मानले आणि त्याचा भार साऱ्या समाजावर वाटला.

आचोळ्यातील कुटुंब हा भार आज एकट्याने वाहते. त्यातही त्याचा वाटा अनेकदा घरातील स्त्रीने नोकरी सोडून, किंवा दुसऱ्या घरातील स्त्रीने अपुऱ्या पगारावर राबून उचललेला असतो. पैसे घेऊन केलेली देखभाल ही शुश्रूषा नव्हे, आणि घरी केलेली शुश्रूषा हे काम नव्हे, या दोन समजुती परस्परपूरक आहेत. एकीच्या आधारे दुसरी टिकते. त्या सोडल्याखेरीज मोबदल्याचा न्याय्य दर ठरणार नाही. कायद्याच्या व्याख्येत न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री उशाशी जागणे ही कामे नावानिशी यावीत, ही त्याची पहिली पायरी होय.