विद्युत् हृल्लेख आणि तो काढणारा हात

छातीत कळ येऊन, घामाने निथळत एखादा मनुष्य रुग्णालयाच्या दारात येतो, तेव्हा हृदयतज्ज्ञांची गाठ पडण्यापूर्वी, पुष्कळदा कोणत्याही डॉक्टरांनी त्याची नाडी पाहण्यापूर्वी, त्याच्या छातीवर जो हात पडतो तो ईसीजी, म्हणजे विद्युत् हृल्लेख, काढणाऱ्या सहायकाचा किंवा परिचारिकेचा असतो. या लेखाचे वाचन कसे करावे यासंबंधी जाडजूड ग्रंथ उपलब्ध आहेत, तज्ज्ञांची व्याख्याने होतात. परंतु तो लेख उतरवून घेण्याचे काम मात्र बटन दाबण्याइतके सोपे, कोणीही उरकावे असे मानले जाते. ही समजूत घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कागदाची किंमत तो डॉक्टरांच्या टेबलावर जाण्याच्या आधी, रुग्णाच्या कातडीवर तारा जोडल्या जातात त्या दोन-तीन मिनिटांतच ठरून गेलेली असते. हे असे का, हे समजण्यासाठी हृदयात वाहणाऱ्या विजेचा कारभार थोडा खोलात जाऊन पाहिला पाहिजे.

हाताचा किंवा पायाचा स्नायू मज्जातंतूकडून हुकूम आल्यावाचून हलत नाही. हृदयाचा स्नायू मात्र असा परावलंबी नाही. शरीराबाहेर काढलेले प्राण्याचे हृदय योग्य द्रवाच्या पुरवठ्यावर ठेवले तर काही काळ ते आपल्याच तालात आकुंचन पावत राहते, हे शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत कितीदा तरी पाहिले गेले आहे. या स्वयंप्रेरणेचे मूळ पेशींच्या आवरणाशी घडणाऱ्या व्यवहारात आहे. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे विद्युत्-भारित कण पेशीच्या आत आणि बाहेर विषम प्रमाणात वाटलेले असतात, आणि त्यामुळे विश्रांतीच्या वेळी निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, स्नायुपेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना पोहोचताच सोडियमचे कण आत घुसतात, पाठोपाठ कॅल्शियम येते आणि स्नायू आकसतो. नंतर पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीला येते. परंतु उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, माथ्याशी, शरीराच्या वरच्या भागातील रक्त घेऊन येणारी महानीला जेथे त्याला मिळते तेथे, पेशींचा एक लहानसा पुंजका असा आहे की त्याला स्थिर विश्रांती ठाऊकच नाही. तेथील पेशी आपण होऊन चेतनेच्या उंबरठ्याकडे सरकत राहतात, तो ओलांडतात, आणि पुन्हा सरकू लागतात. हाच सायनस नोड. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसात तो मिनिटाला ६० ते १०० वेळा चेतना पाठवतो. मज्जासंस्थेकडे एवढेच राहते की तिने हा वेग भीतीच्या किंवा श्रमाच्या प्रसंगी वाढवावा आणि झोपेत उतरवावा.

तेथून निघालेली चेतना दोन्ही अलिंदांत पसरते, परंतु निलयांत तिला सरळ उतरण्याची मुभा नाही. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये तंतुमय ऊतींची, वीज न वाहणारी चौकट आहे आणि निरोगी हृदयात तीतून पलीकडे जाण्याची वाट एकच. त्या वाटेच्या तोंडाशी एव्ही नोड हा पेशींचा दुसरा पुंजका आहे. येथे चेतनेची गती एकदम मंदावते. सुमारे एक दशांश सेकंद ती येथे खोळंबते. या खोळंब्यातच निसर्गाची केवढी योजना आहे! तेवढ्या अवकाशात अलिंदे आकुंचन पावून आपल्याजवळचे उरलेसुरले रक्त निलयांत लोटतात, आणि मगच निलयांना आकुंचनाची आज्ञा मिळते. पुढे हिसचा जुडगा, त्याच्या उजव्या-डाव्या शाखा आणि अखेरीस पुर्किंजे तंतूंचे जाळे, असा हा मार्ग आहे. या जाळ्यातून चेतना सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते, म्हणून निलयांचा एवढा जाड स्नायू जवळजवळ एकाच क्षणी आकसतो. वरचा नोड थकला किंवा त्याचा निरोप वाटेत अडला, तर खालच्यांनी काम हाती घेण्याचीही तजवीज आहे. एव्ही नोडच्या परिसरातून मिनिटाला साधारण ४० ते ६० आणि निलयांतून २० ते ४० ठोके निघू शकतात. जीव तगतो, पण अशा संथ गतीवर माणसाला भोवळ येते, शुद्ध हरपते.

या मार्गाचा शोध ज्या क्रमाने लागला तो मला फार विलक्षण वाटतो, कारण तो उगमापासून मुखाकडे न जाता नेमका उलटा गेला. अखेरचे तंतू प्रथम दिसले: बोहेमियाच्या पुर्किंजे यांनी त्यांचे वर्णन १८३९ मध्ये केले, परंतु त्यांचे प्रयोजन कोणास कळले नाही. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस यांनी अलिंद-निलयांना जोडणारा जुडगा दाखवला. जर्मनीतील मारबुर्ग येथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक आशॉफ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी तरुणाने असंख्य सूक्ष्म छेद तपासून १९०६ मध्ये एव्ही नोड शोधला, आणि त्याच्यापासून पुर्किंजे तंतूंपर्यंतचा सारा मार्ग एकसंध आहे हे सिद्ध केले. मग उरला उगम. तो आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये जाहीर केला. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि इंग्लंडमधील केंट परगण्यात कीथ यांच्या घरी चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, जमिनीत बिळे करणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याचे हृदय तपासताना त्यांना ही रचना प्रथम दिसली.

याच वर्षांत ती वीज बाहेरून टिपण्याचे साधनही सिद्ध होत होते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये पाऱ्याच्या केशनलिकेवर माणसाच्या हृदयाचा विद्युत्-आलेख प्रथम मिळवला. शरीर न उघडता, केवळ कातडीवरून! परंतु पाऱ्याला जडत्व असल्यामुळे तो आलेख अस्पष्ट येई. वॉलर यांचे प्रात्यक्षिक १८८९ मध्ये बाझल येथील परिषदेत पाहणाऱ्यांमध्ये लायडेन विद्यापीठाचे विलेम आइंटहोवेन होते. जावा बेटावरील सेमारंग येथे जन्मलेल्या या डच प्राध्यापकांनी पुढे बळकट विद्युत्-चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला स्फटिकाचा अतिसूक्ष्म तंतू ताणून बसवला. हृदयाची वीज त्यातून वाहू लागली की तो तंतू किंचित हाले आणि त्याची छाया सरकत्या छायाचित्र-काचेवर उमटे. सुमारे २७० किलो वजनाचे हे यंत्र चालवण्यास पाच माणसे लागत, आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. यंत्र रुग्णालयात हलवणे अशक्य, म्हणून १९०५ मध्ये आइंटहोवेन यांनी दीड किलोमीटर लांबीच्या तारेने रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाची स्पंदने आपल्या प्रयोगशाळेत आणून नोंदवली. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कार्याबद्दल.

पी, क्यू, आर, एस, टी ही लहरींची नावेही त्यांचीच. आरंभीचा लहान, गोल उंचवटा तो पी. तो अलिंदांची चेतना दाखवतो. त्यानंतरची सपाट रेषा म्हणजे मुख्यतः तो एव्ही नोडमधील खोळंबा. पुढचे उंच, टोकदार क्यूआरएस हे निलयांच्या चेतनेचे चिन्ह, आणि शेवटचा रुंद टी हे निलयांच्या पेशी पूर्वस्थितीला येत असल्याचे. अलिंदेही पूर्वस्थितीला येतात, परंतु त्यांची क्षीण खूण क्यूआरएसच्या दांडग्या लहरीखाली झाकली जाते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे त्यावरचा एक मिलिमीटरचा लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा ठरतो. उंचीच्या दिशेने दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पी लहरीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंत ०.१२ ते ०.२० सेकंद लागावेत आणि क्यूआरएसची रुंदी ०.१२ सेकंदाच्या आत असावी. ताल नियमित असेल तर लागोपाठच्या दोन आर लहरींमधील मोठ्या चौकोनांनी ३०० ला भागावे, म्हणजे मिनिटाचे ठोके मिळतात. चार चौकोन असतील तर ७५. अनियमित तालात हा हिशोब फसतो. तेथे सहा सेकंदांच्या पट्टीवरचे, म्हणजे तीस मोठ्या चौकोनांतले, ठोके मोजून त्यांस दहाने गुणावे.

आता तारा दहा आणि आलेख बारा, हे कसे? पुण्याच्या बाजूने दिसणारा सिंहगड आणि कल्याण दरवाज्याच्या अंगाने दिसणारा सिंहगड यांची रूपे निराळी, पण गड एकच. तसे येथेही एकाच स्पंदनाचे बारा दिशांनी दर्शन घेतलेले असते. हातापायांच्या तारांपासून सहा आलेख मिळतात, ते हृदयाला समोरच्या उभ्या पातळीत पाहतात; छातीवरच्या सहांपासून उरलेले सहा, ते त्याला आडव्या पातळीत पाहतात. उजव्या पायाची तार कोणताच आलेख देत नाही, बाहेरचा विद्युत्-उपद्रव कमी करणे एवढेच तिचे काम; पण ती निसटली तर सारा कागद बिघडतो. या रचनेचे तात्पर्य असे की यंत्राला दिशा ठाऊक नसते. ज्या जागी तार लावली ती जागा योग्यच आहे असे गृहीत धरून ते रेषा काढते, आणि ती गृहीत गोष्ट खरी करणे हे सर्वस्वी सहायकाच्या हाती असते.

म्हणूनच छातीवरच्या जागा नजरेच्या अंदाजाने ठरवू नयेत. बोटांनी चाचपून ठरवाव्यात. गळ्याखालच्या खाचेपासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणले की तीन-चार बोटांच्या अंतरावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी असते आणि तिच्या खाली दुसरी फट. तेथून मोजत चौथ्या फटीपर्यंत उतरावे: हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२, आणि उजवे-डावे रुग्णाचे, आपले नव्हे. त्यानंतर व्ही-४, पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेषेवर. व्ही-२ आणि व्ही-४ यांच्या मधोमध व्ही-३. आणि व्ही-४ च्याच पातळीत आडवे जात काखेच्या पुढच्या रेषेवर व्ही-५, मध्यरेषेवर व्ही-६. घाईत व्ही-१ आणि व्ही-२ एक-दोन फटी वर लावले जातात, हा दोष फार आढळतो, आणि त्यामुळे पूर्वी कधी झटका येऊन गेल्याचा किंवा वहनमार्गात बिघाड असल्याचा आभास धडधाकट माणसाच्या कागदावर उमटू शकतो. स्त्री-रुग्णांच्या बाबतीत संकोचाने जागा चुकवण्यापेक्षा पडदा ओढावा, काय करावयाचे ते आधी सांगून संमती घ्यावी, अंगावर चादर द्यावी आणि व्ही-४ पासूनच्या तारा स्तनाखाली, नेमक्या जागी लावाव्यात. मर्यादा आणि अचूकता या दोहोंत विरोध नाही.

हातांच्या तारांची अदलाबदल हा दुसरा मोठा दोष. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आढळणाऱ्या युरोपीय संकेतात उजव्या हाताला तांबडी, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी तार असते. अमेरिकी संकेतात तीच तांबडी डाव्या पायाची. तेव्हा रंगावर विसंबू नये, तारेवरची अक्षरे वाचावीत. हात बदलले गेले की पहिल्या आलेखातील सर्व लहरी उलट्या उमटतात. हृदय जन्मतः उजवीकडे असलेल्या माणसातही असेच दिसते, परंतु त्याच्या छातीवरच्या आलेखांत आर लहर व्ही-१ पासून व्ही-६ पर्यंत खुजी होत जाते, तर अदलाबदलीत छातीचे आलेख नेहमीसारखे येतात. हे ओळखता आले तर रुग्ण पलंगावर असतानाच तारा नीट लावून दुसरा कागद काढता येतो.

कातडीवर पोहोचणारी ही वीज एखाद्या मिलिव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. तिच्यावर कशाचीही कुरघोडी होऊ शकते. थंडीने किंवा भीतीने आखडलेल्या स्नायूंची थरथर रेषेला काटे आणते. कंपवाताच्या रुग्णात तर ती अलिंदांच्या जलद तालासारखी दिसू शकते. घाम किंवा तेल न पुसता, जेली नीट न लावता चिमटे बसवले की रेषा वरखाली तरंगते. एका मोठ्या चौकोनात दहा बारीक, एकसारखे दाते दिसले तर ते घरगुती विजेचे, कारण तिची आवर्तने सेकंदाला ५० असतात; पंखा, मोबाईल, पलंगाशी असलेली विजेची तार दूर करून पाहावी. उबदार शब्दाने रुग्णाची भीती कमी झाली की रेषा स्वच्छ होते, हा अनुभव या कामातले जुने लोक नेहमी सांगतात.

निदान करणे हे सहायकाचे काम नव्हे. पण छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी तो आल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढून डॉक्टरांना दाखवला जावा, असा वैद्यकीय दंडक आहे, आणि तो पाळला जाणे किंवा न जाणे बहुतांशी सहायकावर अवलंबून असते. क्यूआरएस आणि टी यांच्यामधला भाग पायारेषेपासून वर उचललेला दिसला, किंवा ताल भयंकर जलद अथवा संथ वाटला, तर कागद फाइलीत न लावता धावत जाऊन डॉक्टरांच्या हाती द्यावा. याउलट, कागद नेहमीसारखा आला म्हणून ‘काही नाही, घरी जा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी निर्दोष येऊ शकतो, आणि दुखणे चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा काढावा लागतो.

कागदावर रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि वेळ असावी, एवढे सर्वांना ठाऊक असते. तो काढताना छातीत दुखत होते की नव्हते, आणि कोणती तार नेहमीची जागा सोडून लावावी लागली, हेही लिहावे. अशी नोंद असलेला जुना ईसीजी पुढे मोठ्या कामाचा ठरतो, कारण आजचा बदल नवा की पूर्वीचाच, हे त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच कळते. पुष्कळ यंत्रांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. उन्हात, दमट जागी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत तो वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो. म्हणून घरच्या मंडळींनी त्याची छायाप्रत काढून ती रुग्णाच्या इतर कागदपत्रांत ठेवावी आणि पुढच्या वेळी रुग्णालयात जाताना न विसरता बरोबर न्यावी.