ओहेअर विमानतळ

मुलांनो, अमेरिकेतील शिकागो हे शहर मिशिगन सरोवराच्या काठी वसले आहे. शहराच्या मध्यभागापासून सुमारे २७ किलोमीटरवर, वायव्येला, ओहेअर हा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे.

तेथे जाणाऱ्या सामानाच्या चिठ्ठीवर ‘ओ, आर, डी’ ही इंग्रजी अक्षरे असतात. ओहेअर या नावात ‘डी’ कोठे आहे? दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी विमानांचा कारखाना होता. त्या वस्तीचे नाव ऑर्चर्ड प्लेस. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग. ‘बाग’ हा शब्द तर तुमच्या उर्दूतही आहे! त्या नावातून ही अक्षरे आली.

१९४९ साली विमानतळाला एडवर्ड ओहेअर या नौदलाच्या वैमानिकाचे नाव दिले गेले. १९४२ साली आपल्या जहाजावर चालून येणाऱ्या जपानी विमानांशी तो एकट्याने लढला. सोबत्याच्या बंदुका अडकल्या, तरी तो मागे फिरला नाही. १९४३ साली मात्र तो एका मोहिमेवरून परत आला नाही.

विमान वाऱ्याच्या समोरून उडते आणि उतरते. म्हणून येथे वेगवेगळ्या दिशांच्या धावपट्ट्या होत्या. पण त्या एकमेकींना छेदत. एका विमानासाठी दुसऱ्याला थांबावे लागे. पुढे नव्या समांतर धावपट्ट्या बांधल्या. आज आठपैकी सहा समांतर आहेत. त्यामुळे अनेक विमाने एकाच वेळी सुरक्षितपणे उतरू शकतात.

नाव बदलले, धावपट्ट्या बदलल्या. जुन्या वस्तीची आठवण मात्र तीन अक्षरांत टिकून आहे.