रोहूला पूर हवा

भीमाशंकरच्या डोंगरावर मृगाचा पाऊस कोसळला की घोड नदी गढूळ होऊन डिंभे धरणाच्या जलाशयात शिरते. ओढ्यांना पहिला लोंढा येतो आणि पोटात अंडी घेतलेले चढणीचे मासे पाण्याच्या उलट्या दिशेनं निघतात.

धरणातल्या रोहू, कटला, मृगळ यांचं गाऱ्हाणं वेगळं आहे. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. घोड नदीचं पाणी मात्र भीमेतून कृष्णेला जातं. माणसानं आणून सोडलेले हे मासे साठ्यात झकास वाढतात, पण संथ पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून धरणांत बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, सोडावी लागते. डिंभ्यात मासेमारी करणाऱ्या विस्थापित आदिवासी कुटुंबांचं पोट या बोटुकलीवर अवलंबून असतं.

मादी आळशी नसते. उन्हाळा सरेपर्यंत तिचं पोट टम्म भरलेलं असतं. फक्त मेंदूतलं डोपामाइन पीयूषिका ग्रंथीला आवरून धरतं. पाणी चढलं, गार पाऊस पडला, प्रवाह अंगाला लागला की हा लगाम सुटतो, ग्रंथी संप्रेरक सोडते आणि काही तासांत अंडी पिकून बाहेर पडतात. पूर आलाच नाही, तर ती अंडी शरीरातच जिरून जातात.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पुराचा हा निरोप सुईतून दिला. दुसऱ्या माशाच्या डोक्यातून काढलेली, मुगाहूनही लहान अशी पीयूषिका वाटून तिचा अर्क टोचला, आणि बंदिस्त पाण्यात रोहूच्या कुळातल्या कार्प माशांनी अंडी घातली. आता तयार औषध मिळतं. त्यात संप्रेरकाची नक्कल असते आणि डोपामाइनला रोखणारा घटकही.

संध्याकाळी हे औषध टोचून हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक कापडाच्या पेटीत, एक मादी, दोन नर सोडतात. चार-सहा तासांनी पाणी खळबळतं. सकाळी हाप्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, फुगलेली पारदर्शक अंडी. मादीच्या एका किलो वजनामागे दोन-तीन लाख! १४ ते १८ तासांत त्यांतून पिल्लं निघतात. तीन दिवस ती पोटाशी असलेल्या बलकावर जगतात. त्या इवल्या जिवांना मत्स्यजिरे म्हणतात, आणि हे नाव त्यांना अगदी शोभतं. बोटभर व्हायला पुढे दोन-तीन महिने लागतात.

ओढ्यातल्या गावरान माशांना मात्र अशी सुई टोचणारं कोणी नाही. बंधाऱ्याची भिंत त्यांची वाट अडवते, आणि नेमक्या चढणीच्या दिवसांत लावलेल्या जाळ्यात अंड्यांनी भरलेल्या माद्याच सापडतात. निदान पहिल्या लोंढ्याचे चार दिवस तरी ओढे मोकळे सोडायला हवेत.