माऊस कोणाच्या हातात?

"सर, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते जरा वाचून दाखवा ना." ऑफिसातल्या आयटीवाल्याचं निम्मं आयुष्य एके काळी या वाक्यात जायचं. लांबचा पडदा जवळ आणणारी सोय नव्हती असं नाही. पीसीएनीव्हेअर होतं, नव्वदच्या दशकात केंब्रिजच्या प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार झालं, २००१च्या विंडोज एक्सपीत तर रिमोट असिस्टन्स आयतंच आलं. पण फायरवॉल आडवा यायचा. २००५मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या टीमव्ह्यूअरनं दोन्ही संगणकांची गाठ बाहेरच्या सर्व्हरवर घालून दिली. फोनवर आयडी-पासवर्ड सांगितला की काम झालं. "रिमोट द्या" ही हेल्पडेस्कची बोलीच झाली.

खरा पेच पडला तो विंडोज व्हिस्टापासून. कंपनीच्या लॅपटॉपवर कर्मचाऱ्याला अ‍ॅडमिन राइट्स नसतात, नसावेतच. एखादं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट उघडते. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं परस्पर 'येस' दाबू नये म्हणून विंडोज ती वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवतं. पुढे २०१६मध्ये विंडोजमध्येच क्विक असिस्ट ही मदतीची सोय आली, त्यातही हेच: ऐन मोक्याला मदत करणाऱ्याचा पडदा काळा. ज्याला पासवर्ड माहीत त्याला चौकट दिसत नाही, ज्याला दिसते त्याला पासवर्ड सांगायचा नाही! यावर सुरक्षित डेस्कटॉपच बंद करून ठेवण्याचा तोडगा निघाला. काम भागायचं, पण दाराला कडीच नको म्हणण्यातला हा प्रकार.

मार्च २०२०मध्ये हिंजवडी, ऐरोलीतले लॅपटॉप घरोघरी गेले आणि उठून टेबलापाशी जाऊन बघायची सोयही संपली. भामटे या वाटेवर आधीच पोचले होते. एनीडेस्क या रिमोट अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टनं याहून चलाख टोळीबद्दल सांगितलं. आधी माणसाचा इनबॉक्स फालतू मेलनी तुंबवायचा, मग "आयटीतून बोलतोय, मदत करतो" असा फोन करायचा आणि क्विक असिस्ट उघडायला लावायचं. त्रासलेला माणूस फोनवरून सांगितलेला कोड आनंदानं टाकतो.

वास्तविक यावरचा इलाज २०२२मध्ये कंपन्यांचे संगणक सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट इंट्यूनच्या रिमोट हेल्पमध्ये आला होता. दोघांनीही कंपनीच्याच खात्यानं लॉगिन करायचं, समोरच्याचं नाव-हुद्दा पडद्यावर दिसणार, कोणी नुसतं बघायचं आणि कोणी माऊस धरायचा हे कंपनी ठरवणार. अ‍ॅडमिनची चौकटही, परवानगी असेल तर, दिसणार. फक्त त्याचे पैसे वेगळे पडायचे आणि क्विक असिस्ट फुकट होतं. बजेटच्या मीटिंगमध्ये कोण जिंकलं असेल, हे वेगळं सांगायला नको.