वणी-दिंडोरीची लढाई टेबलावर : जिंकलं कोण?

मागच्या लेखात घोडदळाची चाल, बंदुकीचा पल्ला आणि फाशांचे नियम पाहिले. आज पहिली खरी लढाई मांडू. ती नाशिकच्या उंबरठ्यावरचीच आहे : १७ ऑक्टोबर १६७०, वणी-दिंडोरी. कांचनबारीची लढाई म्हणूनही ती अनेकांना माहीत आहे.

हीच निवडण्याचं कारण भीमसेन सक्सेना. हा बऱ्हाणपूरचा कारकून त्या दिवशी मोगल फौजेत होता आणि पाहिलेलं त्याने फारसीत लिहून ठेवलं. कोण आधी पोचलं, कोण मागे राहिलं, हे त्याच्यामुळे कळतं. खेळ मांडणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून परतत होते. मोगलांच्या चौकशीत लुटीची किंमत ६६ लाख रुपये भरली. मोगल सरदार दाऊदखान कुरेशी महाराजांना अडवायला बऱ्हाणपूरहून चांदवडला आला. महाराज घाट उतरून नाशिकच्या वाटेला लागल्याची खबर त्याला मध्यरात्री मिळाली. तो लगेच निघाला, पण चंद्र मावळल्यावर अंधारात त्याची फौज विखुरली. लढाईची सगळी गंमत या विखुरण्यात आहे. म्हणून मोगलांचे सगळे सैनिक सुरुवातीलाच टेबलावर ठेवू नका.

सहा बाय चार फुटांचं टेबल पुरतं. पूर्वेला एक टेकाड, मध्ये उघडं मैदान आणि एका बाजूला नाल्यांनी वेढलेलं उंचावरचं ओसाड गाव. हे गाव विसरू नका : दाऊदखानाने हत्ती, निशाणं, नगारे तिथेच ठेवले होते. आज त्या भागात द्राक्षबागा आहेत, आपल्या टेबलावर त्या नकोत. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेले मातीचे मावळे खुशाल वापरा, मात्र घोडेस्वार भरपूर हवेत. एक पुतळा म्हणजे २५० माणसं धरली, तर दहा हजारांच्या मराठी पिछाडीला ४० पुतळे लागतील. दुपारी दाऊदखानाजवळ दोन हजारांहून कमी माणसं उरली होती, म्हणजे जेमतेम ७-८ पुतळे.

पहाटे टेकाडावर येतो तो आघाडीचा इखलासखान मियाना. समोर मराठे सज्ज उभे. त्याच्या शिपायांची चिलखतं उंटांवर बांधलेली होती, ती ते चढवत होते. खान थांबला नाही, मूठभर माणसं घेऊन तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. याचा नियम असा करू : इखलासखान शत्रू दिसताच चालून जातो. त्याला रोखायचं असेल तर फाशावर ६ पडायला हवेत. थांबला तर पुढच्या पाळीपासून चिलखताचा फायदा मिळतो. तोफखान्याचा दारोगा मीर अब्दुल माबूद जमिनीच्या उंचवट्याआड एकटा पडला होता. त्याची तुकडी टेबलाच्या कोपऱ्यात, मुख्य फौजेला न दिसेल अशी ठेवा. बुंदेले बंदूकधारी मात्र बळकट करा, मराठ्यांना दिवसभर दूर ठेवलं ते त्यांनीच. मराठी स्वारांना हल्ला करून त्याच पाळीत मागे फिरण्याची मोकळीक द्या.

आता खरा प्रश्न. संध्याकाळी मैदान ज्याच्या ताब्यात तो जिंकला, असा नेहमीचा नियम इथे लावला, तर दाऊदखान जवळजवळ दर वेळी जिंकेल. ती रात्र मोगलांनी त्याच मैदानात काढली, मेलेले पुरले, जखमींची शुश्रूषा केली. मराठे कोकणाकडे निघून गेले. पण ते लढत होते ते मैदानासाठी नव्हेच. लूट पुढे सुखरूप जावी एवढा वेळ त्यांना हवा होता. लढाईनंतर दाऊदखान महिनाभर नाशकात अडकून पडला, हे पाहिलं की त्या दिवसाचा हिशोब कोणाच्या बाजूने लागला ते मला स्पष्ट दिसतं. हा हिशोब नियमांत उतरला नाही, तर आपण दुसरीच कुठली तरी लढाई खेळत बसू.

म्हणून लुटीच्या ओझ्याचे १० घोडे टेबलावर ठेवा. पश्चिमेच्या कडेपलीकडे गेलेल्या प्रत्येक घोड्याचे मराठ्यांना ३ गुण, मैदान राखल्याचे मोगलांना सगळे मिळून ५. अर्ध्या तासाची एक पाळी धरली, तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत २२ पाळ्या होतात. दोघांनी बाजू बदलून दोनदा खेळा. मोगल बाजूने खेळताना इखलासखानाला आवरावंसं वाटेल, फासे ऐकणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात साल्हेर, १६७२. तिथे टेबलाला उंची लागेल, थर्माकोल आणून ठेवा.