दोष बोर्डाचा की बोर्डामागच्या कामाचा?

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या सुरतेच्या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. एका खोलीच्या दोन करायच्या असोत, दुकानामागे गोदाम वेगळं काढायचं असो की स्लॅबखाली सीलिंग करायचं असो, आता विटांबरोबर जिप्सम बोर्डाचंही नाव निघतं. त्यापाठोपाठ ठरलेली वाक्यंही येतात: तो पुठ्ठा आहे, पाण्यात भिजून जातो, आणि काम काय, कुणीही करतं, फक्त भाव बघा. पहिली दोन अर्धवट खरी आहेत. तिसरं साफ चुकीचं आहे, आणि पहिल्या दोन तक्रारी बहुतेक वेळा या तिसऱ्या समजातूनच जन्माला येतात. जिप्समची भिंत बिघडते ती मुख्यतः तीन ठिकाणी: आतल्या सांगाड्यात, दोन बोर्डांच्या सांध्यात आणि पाणी जिथून येतं तिथे. रंग लागला की या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात. ठेकेदार निवडताना नेमकं यांच्याबद्दलच विचारायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

पुठ्ठा हे नाव बोर्डाच्या दोन्ही अंगांना असलेल्या कागदामुळे पडलं. आतलं द्रव्य खनिज आहे. राजस्थानात नागौर-बिकानेरकडे जिप्समच्या खाणी आहेत. हेच जिप्सम सुमारे दीडशे अंशांवर भाजलं की त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी, होतं, आणि त्यात पाणी मिसळलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. म्हणजे पीओपी पक्कं आणि बोर्ड कच्चा, या समजाला आधार नाही. दोन्ही एकाच पदार्थाची रूपं आहेत. नक्षी आणि गोलाईला पीओपी चांगलं, सरळ सपाट कामाला कारखान्यातून सारख्या जाडीचा आलेला बोर्ड चांगला. राहिला हलकेपणा. अर्ध्या विटेची प्लास्टर केलेली भिंत चौरस मीटरला २०० किलोंहून जास्त भरते, तर दोन्ही बाजूंना १२.५ मिलिमीटरचा एकेक बोर्ड लावलेली भिंत २५ किलोंच्या आत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात सुरतेतही इमारत कोसळून माणसं गेली. अशा शहरात जुन्या स्लॅबवर कमी वजन चढवणं हा गुणच मानायला हवा. अर्थात ही भिंत फक्त आडोसा करते, वरचा भार घेत नाही. भार घेणारी भिंत पाडून तिच्या जागी बोर्ड लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. खिळा टिकत नाही ही तक्रारही खरी आहे, पण तिचं उत्तर कामाआधी द्यायचं असतं. टीव्ही, बेसिन, भांड्यांची मांडणी कुठे येणार हे सांगितलं तर कारागीर तिथे आतून प्लाय किंवा जादा चॅनेल घालतो. पंखा मात्र नेहमी स्लॅबलाच लटकायला हवा.

आगीच्या बाबतीत तर समज अगदी उलटा आहे. कागद दिसतो म्हणून बोर्ड पेटेल असं वाटतं, पण जिप्समच्या वजनात जवळजवळ २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. सहा बाय चार फुटांच्या एका साध्या बोर्डात ते साडेतीन किलोंच्या आसपास भरतं. आग लागली की आधी या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि तोवर भिंतीची दुसरी बाजू फार तापत नाही. याउलट हल्ली स्वस्त म्हणून लावली जाणारी पीव्हीसीची पॅनेलं शंभर अंशांच्या आतच मऊ पडतात आणि जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घुसमटवणारा वायू सोडतात. पीव्हीसीला पाणी आणि वाळवी लागत नाही, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे. बाथरूममध्ये ते खुशाल लावावं. जिन्यात आणि बाहेर पडायच्या वाटेवर नको. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमधल्या आगीत २२ जण गेले, बहुतेक शिकवणीला आलेली मुलं. वरच्या मजल्याचा लाकडी जिना जळाल्याने त्यांची वाट बंद झाली होती. ज्या शहराने हे पाहिलं, तिथे वाटेवर कोणतं सामान लावायचं हा निव्वळ भावाचा प्रश्न राहू शकत नाही.

पाण्याची भीती मात्र खोटी नाही. सुरतेत वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचं बहुतेक शहर बुडालं. शिवाय लिंबायतजवळची मीठी खाडी जोरदार पावसात वस्तीत शिरते. अशा वेळी हिरव्या कागदाचा बोर्ड वॉटरप्रूफ आहे असं सांगून विकला जातो, तो धडधडीत गैरसमज आहे. हिरवा बोर्ड ओलसर हवा सोसतो, साचलेलं किंवा झिरपणारं पाणी सोसत नाही. न्हाणीघराला सिमेंट बोर्ड हवा. तळमजल्यावर खाडीचं पाणी येत असेल तर तिथे जिप्समचा हट्ट धरू नये, वीटच बरी. बाकी ठिकाणीही बोर्ड जमिनीला टेकवायचा नसतो. खाली साधारण दहा मिलिमीटरची फट सोडून ती पट्टीने झाकतात, नाहीतर लादी पुसतानाचं पाणी बोर्ड खालून शोषत राहतो. ही फट सोडणार का, एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याने हे काम किती केलं आहे ते कळतं.

सगळ्यात जास्त तक्रारी भेगांच्या असतात, आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे: भेग पडली म्हणजे पुट्टी कमी पडली. खरं म्हणजे पुट्टीने सांधा जोडला जात नाही, तो फक्त झाकला जातो. दोन बोर्डांच्या सांध्यावर कागदी टेप बसवून त्यावर जॉइंटिंग कंपाउंडचे साधारण तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हात वाळू द्यायचा, ही पद्धत आहे. घाईत टेप गाळतात, कंपाउंडऐवजी पीओपी किंवा भिंतीची पुट्टी भरतात, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्याच्या सरळ रेषेत चीर उमटते. भेग सरळ आणि बोर्डाच्या कडेनेच असेल तर ती सांध्याची, हे कुणालाही ओळखता येईल. दुसरं कारण आत दडलेलं असतं. पार्टिशनमधले उभे पत्र्याचे चॅनेल सुमारे दोन फुटांवर असावे लागतात आणि सीलिंगमधले दीड फुटावर. ठेकेदार अंतर वाढवतो, पातळ पत्रा वापरतो किंवा टांगण्यांऐवजी तारेवर भागवतो, तेव्हा चौरस फुटाचा भाव कमी होतो आणि वरून फरक दिसत नाही. एरवी चालून गेलं असतं असं कुणी म्हणेल. पण सुरतेत शेजारी किंवा खालच्या मजल्यावर लूम वा एम्ब्रॉयडरी मशीन दिवसरात्र चालत असतं. त्या कंपाने सैल सांगाडा हलतो आणि सांधा फाटतो. अशा वस्तीत चॅनेलच्या अंतरात केलेली काटकसर सगळ्यात महाग पडते. म्हणून बोर्ड चढवण्याआधी सांगाड्याचे मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवावेत; चांगला कारागीर याला कधीच हरकत घेत नाही.

दुरुस्तीत नियम एकच: आधी पाणी, मग बोर्ड. पिवळा डाग दिसला की रंगाऱ्याला बोलावतात, पण वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती बंद झाल्याशिवाय कितीही हात मारले तरी डाग परततो. अंगठ्याने दाबून बोर्ड मऊ लागला तर तेवढा तुकडा चॅनेलपर्यंत कापून नवा लावायचा. कडक असेल तर पूर्ण वाळवून, डाग अडवणारा प्रायमर लावून रंगवता येतो. पुराचं घाण पाणी प्यायलेला बोर्ड वाळवून वापरू नये, काढून टाकावा.

आता माणूस निवडण्याचं. गावाकडचा आहे, ओळखीचा आहे, म्हणून काम नीट होईल हा समज आपल्या समाजात खोलवर आहे आणि त्यात जिव्हाळाही आहे. जवळच्या माणसाचा खरा फायदाही आहे: पावसाळ्यानंतर चीर पडली तर त्याला गाठता येतं. पण बोलणी करणारा एक आणि काम करणारी टोळी दुसरी, असं अनेकदा असतं. त्यामुळे भरवसा माणसावर ठेवला तरी कामाचा तपशील कागदावर हवा: बोर्डाची जाडी आणि प्रकार, बोर्डावर आयएस २०९५ ची खूण, चॅनेलचं अंतर, टेप, दारं-खिडक्या मापातून वजा होणार का, मलबा कोण उचलणार. लहान ठेकेदार एवढं लिहून देत नाहीत, असा आक्षेप येतो. मग आपण लिहावं आणि त्याची सही घ्यावी. अर्धं पान पुरतं. बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी अंगावर येतो, ही भीतीही सरसकट खरी नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला नोंदणी सक्तीची नसते. तो जीएसटीविना साधी पावती देऊ शकतो. ही पावतीच पुढे कामाला येते. राहत्या घराचं काम करून घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याच्या आधीची सोपी तजवीज पैशांच्या हप्त्यांत आहे: एक हप्ता सामान आल्यावर, एक सांगाडा पाहिल्यावर, एक सांधे वाळल्यावर, आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून. ही अट बोलणीच्या वेळीच घालावी आणि त्याच अर्ध्या पानावर लिहावी.